बोट कधी उचलायचं

पेटीवाल्यांचे दोन प्रकार असतात. एकांना बोट कुठे ठेवायचं ते कळतं, दुसऱ्यांना ते कधी उचलायचं हेही कळतं. हे मी चारचौघांत सांगते आणि मी दुसऱ्या प्रकारातली आहे हेही सांगते. त्यामुळे यवतमाळातले निम्मे पेटीवाले लग्नाकार्यात मला पाहिलं की पंगत बदलतात. बदलू देत.

मी वाजवते ती हातपेटी नव्हे, पायपेटी. जुन्या संगीत नाटकांत रंगमंचासमोर असायची ती. तिला सगळे ऑर्गनच म्हणतात. टेबलाएवढी उंच, खाली पाय ठेवायला दोन फळ्या. वाजवणारा स्टुलावर बसून दोन्ही पायांनी आळीपाळीनं भाता चालवतो आणि दोन्ही हात सुरांना मोकळे राहतात. हातपेटीवाल्याचा एक हात जन्मभर भात्याला बांधलेला. माझ्यावरच्या रागाचं खरं कारण तेच असावं.

मी ती शिकले एका कोर्टातल्या कारकुनाकडे. दिवसभर तारखांच्या नोंदी करायच्या आणि संध्याकाळी गावातल्या नाटकमंडळात ऑर्गन वाजवायचा, असं त्यांचं आयुष्य. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. मी शाळेत होते. आमच्या घरात सगळे ऑफिसात जाणारे, त्यामुळे मुलीनं पेटी शिकण्याला विरोध नव्हता आणि फारसं कौतुकही नव्हतं. गुरुजींकडे मी चार वर्षं गेले. खरं सांगायचं तर तेव्हा मला ते अडाणी वाजवतात असं वाटायचं. शेजारच्या दोन सुरांसाठी ते तेच एक बोट उचलून पुढं ठेवायचे. अंगठा तर जवळजवळ वापरायचेच नाहीत. पुढं नागपूरला एका नावाजलेल्या मास्तरांनी माझा हात सुधारला. पाचही बोटं कामाला लागली, एका सुराला दुसरा सूर चिकटला, मध्ये फट म्हणून राहिली नाही. लोक म्हणायचे, काय गुळगुळीत वाजवते! मीही खूश होते.

मग नोकरी लागली. पाटबंधारे खात्यात मी अनुरेखक होते. म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो जसाच्या तसा शाईनं उतरवायचा. कालवे, बंधारे, बुडणाऱ्या शेतांच्या सीमा, सगळं माझ्या हाताखालून गेलं. पुढं कॉम्प्युटर आले आणि आमचं टेबल रिकामं झालं, पण मी निवृत्त होईपर्यंत साहेब लोक म्हणायचे की या बाईची रेघ कॉम्प्युटरपेक्षा सरळ. ही स्तुती मी पचवू शकले नाही. त्याचा पुरावा पुढं येतोच.

निवृत्तीनंतर गुरुजींच्या मुलाचा फोन आला. गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, घर पाडून नवं बांधायचं होतं, ऑर्गनची अडगळ होत होती. "तुम्हीच न्या, बाई. नाहीतर वाळवी लागन." मी टेम्पो केला आणि ऑर्गन घरी आणला. सोबत एक पत्र्याची पेटी आली. तिच्यात गुरुजींच्या हातच्या पदांच्या वह्या होत्या, स्वर लिहिलेले. स्वरांवर बारीक आकडे आणि स्वरांच्या मध्ये तांबड्या पेन्सिलीच्या उभ्या रेघा.

आकडे बोटांचे होते, हे लगेच कळलं. रेघांचा अर्थ लागेना. आधी वाटलं मात्रा असतील, पण हिशोब जुळेना. मग एके सकाळी मी हट्टानं नागपूरच्या मास्तरांचा हात बाजूला ठेवला आणि गुरुजींच्या आकड्यांप्रमाणे बोटं टाकली. दोन, तीन, दोन, तीन. मग तीनच, पुन्हा तीन. एक बोट एका सुरावरून उचलून दुसऱ्यावर ठेवायचं म्हणजे मध्ये क्षणभर काहीच वाजत नाही. ते फट पडणं आपोआप होत होतं. आणि नेमकं जिथं तांबडी रेघ होती तिथंच होत होतं. घरात मी एकटी होते, तरी मोठ्यानं "अरे!" म्हणाले.

ज्याला मी अडाणीपणा समजत होते ती रीत होती. मंडळाकडे तेव्हा माइक नव्हते. नाटक कापसाच्या वखारीत किंवा उघड्या मैदानात मंडप टाकून व्हायचं आणि पदातला शब्द न शब्द शेवटच्या सतरंजीपर्यंत गेला पाहिजे, नाहीतर लोक ओरडायचे. आता गाणाऱ्याच्या तोंडून ट, ठ, प असं अक्षर निघण्याआधी जीभ किंवा ओठ क्षणभर बंद होतात. नेमकं तेव्हा पेटी वाजत राहिली तर ते अक्षर तिच्याखाली दबतं. पेटीनं आधीच बोट उचललं तर अक्षर सुटतं आणि लांब जातं. गुरुजी सूर वाजवत होते तेवढ्याच काळजीनं सूर सोडत होते. मंडळाची एक घासलेली कॅसेट मिळाली, तीही मी कानाला लावून ऐकली. तेच होतं. पेटी तुटक आहे हे लक्षातही येत नव्हतं, फक्त शब्द स्वच्छ येत होते.

तेव्हापासून मी हा मुद्दा जिथं तिथं मांडत सुटले. जुनं पद जुन्या रीतीनंच वाजवायचं. एका कार्यक्रमानंतर एक तरुण पेटीवाला मला म्हणाला, "काकू, हात जरा कच्चा वाटून राह्यला तुमचा. सूर तुटून राह्यले." मी म्हणाले, "बाळा, तुझे सूर तुटतच नाहीत, म्हणून गाणाऱ्यानं काय म्हटलं ते तुलाही माहीत नाही." त्यानंतर तोही पंगत बदलणाऱ्यांत गेला.

गेल्या डिसेंबरात एक बाई माझ्या घरी आली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, शिक्षिका, आर्णी रोडला राहणारी. तिनं वडिलांचं नाव सांगितलं आणि मी खुर्चीवरून उठलेच. तिचे वडील म्हणजे आमच्या नाटकमंडळाचे नायक. दारव्ह्याचे, तहसील ऑफिसात नोकरीला होते. नाटकासाठी जीपला लटकून यवतमाळला यायचे. लहानपणी गुरुजींच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसून मी त्यांना किती वेळा ऐकलं होतं! त्यांना सगळे काकाजी म्हणायचे. आता ते अठ्ठ्याहत्तरचे होते, बायको गेल्यापासून मुलीकडे राहत होते आणि फुप्फुसाच्या दुखण्यानं त्यांचा श्वास आखूड झाला होता.

"पाच वर्षं झाली, बाबा गायले नाहीत," ती म्हणाली.

कारण तिनंच सांगितलं. पाच वर्षांपूर्वी एका सत्कारात त्यांनी पद म्हणायला घेतलं. साथीला एक कीबोर्डवाला होता. तो शेवटपर्यंत भरभरून वाजवत राहिला. शेवटच्या ओळीत काकाजी श्वासासाठी थांबले. कीबोर्ड थांबला नाही. त्यानं उरलेली ओळ सुरेल वाजवून टाकली, लोकांना वाटलं पद झालं, टाळ्या पडल्या. काकाजी तोंड उघडून तसेच उभे. मग ते खाली उतरले, चपला घातल्या आणि रिक्षात बसून म्हणाले, "माहं गाणं मशीननं पुरं केलं."

आता जानेवारीत जुन्या मंडळाच्या उरलेल्या लोकांचा मेळावा होता, शाळेच्या सभागृहात, रविवारी सकाळी. त्यांना शाल द्यायची होती. काकाजींनी निरोप पाठवला होता की शाल नको, एक पद म्हणू द्या, आणि सोबतीला मशीन नको.

"ताई, तुम्ही वाजवता का?" तिनं विचारलं. मी हो म्हणायच्या आत ती पुढं म्हणाली, "पण एक विनंती आहे. थोडं भरून वाजवा. त्यांचा श्वास तुटला तर कळू देऊ नका. या वेळीही पद अर्धं राहिलं तर ते पुन्हा उभे नाही राहणार, मला माहीत आहे."

मी तिला चहा दिला आणि सरळ सांगितलं, "भरून वाजवलं म्हणूनच तर ते घडलं. मी भरणार नाही. पद तेच संपवतील." ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू हिच्याकडे येऊन आपण चुकलो की काय. माझा मात्र पूर्ण विश्वास होता. जरा जास्तच.

पहिली तालीम माझ्याकडे झाली. काकाजी आले ते मफलर गुंडाळून, मुलीच्या हाताला धरून. तुरीची मळणी सुरू होती, हवेत भुसा होता, दर दहा पावलांना त्यांना खोकला येत होता. तबल्याला आमचा नेहमीचा तबलजी होता. तो वीजखात्यात लाइनमन आहे. आयुष्य खांबावर गेलेलं, त्यामुळे कशालाच घाबरत नाही, मला सोडून. पद भीमपलासातलं. भीमपलास दुपारचा आणि तालीम सकाळी, पण नाटकातल्या पदाला घड्याळ कोण विचारतं?

मी वही उघडली आणि वाजवायला लागले. प्रत्येक रेघेला बोट उचललं, चोख. दोन ओळी झाल्या आणि काकाजींनी हात वर केला.

"हे काय करून राह्यली वं बाई? गाण्याले सोबत करून राह्यली का भिंतीत खिळे ठोकून राह्यली?"

तबलजीनं मान खाली घातली. तो हसत होता, त्याचे खांदे हलत होते.

"काकाजी, ही जुनी रीत आहे," मी म्हणाले. "गुरुजींच्या वहीत आहे सगळं."

"वहीचं मले नको सांगू. त्या वहीवाल्याच्या पुढं मी वीस-पंचवीस वर्षं उभा होतो. तो असा नव्हता वाजवत."

"मग कसा वाजवायचे?"

"मले काय माहीत! मी गाणारा हाय. पण मले तो आयकू येत नव्हता, अन् तरी तो हाय हे मले समजे."

त्या दिवशी तालीम पुढं गेली नाही. ते गेल्यावर मी खूप चिडले. माणूस पाच वर्षं गायला नाही आणि मला शिकवतो! भांडी जरा आपटलीच. पण रात्री जेवताना ते वाक्य काही केल्या जाईना. आयकू येत नव्हता, अन् तरी तो हाय हे मले समजे.

सकाळी मी पत्र्याची पेटी उघडली आणि गुरुजींची मूळ वही काढली. आता माझा अपराध सांगते. मी मूळ वहीवरून वाजवतच नव्हते. कागद पिवळे पडले होते, कसर लागायला लागली होती, म्हणून सगळी पदं मी नव्या वहीत उतरवून घेतली होती. लाल जेल पेननं, पट्टी लावून, प्रत्येक रेघ सारखी, एका उंचीची, एका जाडीची. इतकी सुंदर प्रत की मी ती लोकांना दाखवायची. आणि मूळ वहीत रेघा सारख्या नव्हत्याच! काही लांब होत्या, वरच्या ओळीला टेकलेल्या. काही निम्म्या. काही तर नुसता पेन्सिलीचा टोचा. अख्खी नोकरी मी जाड रेघ आणि बारीक रेघ यांतला फरक सांभाळण्यात घालवली. नकाशात मी अशी चूक केली असती तर कालवा कोणाच्या तरी अंगणातून गेला असता. इथं मात्र मला नीटनेटकेपणाचा मोह झाला. मला माझीच इतकी लाज वाटली की ती सुंदर वही मी कपाटात कपड्यांच्या खाली सारली.

मग मी चार दिवस दुसरं काही केलं नाही. लांब रेघ म्हणजे खरंच थांबायचं. निम्मी रेघ म्हणजे बोट उचलायचं पण लगेच पुढं जायचं. टोचा म्हणजे उचलल्याचं फक्त बोटाला कळलं पाहिजे. आणि लांब रेघा बहुतेक समेच्या आधी होत्या. समेवरचा सूर भारदस्त, त्यावर टेकायचं. त्याच्या आधीचा सूर हलका, त्यावरून लवकर निघायचं. सगळे सूर सारखे नसतातच, चार दाणेदार आणि चार पोकळ असेच येतात. हे मला गाताना कळायचं, वाजवताना कळलं नव्हतं.

आणि पाय. पायांकडे तर माझं लक्षच नव्हतं. मी बोटं उचलत होते, पण पाय तसेच भाता चालवत होते. सूर बंद, पाय चालू, म्हणजे आत जोर साठत जातो आणि पुढचा सूर धाडकन बाहेर येतो. ते खिळे तेच होते. फट आली की पायही सैल सोडायचा आणि पुढच्या सुराला पुन्हा हळू दाब द्यायचा. हे करायला मला तीन दिवस लागले आणि पोटऱ्या दुखून आल्या. साठीनंतर माणसानं पायानं गायला शिकावं म्हणजे कमालच आहे.

दुसऱ्या तालमीला काकाजी पहिल्या ओळीनंतर थांबले नाहीत. दुसरी झाली, तिसरी झाली. चौथीला ते खोकले, पाणी प्यायले आणि माझ्याकडे न बघता तबलजीला म्हणाले, "आता बराबर हाय." एवढंच. मी त्या तीन शब्दांवर आठवडाभर जगले.

मग आम्ही दोघांनी मिळून वही मांडली. तरुणपणी ते या पदात दोन ठिकाणी श्वास घ्यायचे. गुरुजींच्या सगळ्यांत लांब दोन रेघा तिथंच होत्या. "आता मले सात जागा लागतीन," काकाजी म्हणाले. आम्ही सात जागा शोधल्या, शब्द फुटणार नाही अशा. गुरुजींच्या वहीवर मी पेन्सिलीनं पाच रेघा वाढवल्या. ज्या माणसानं गाणाऱ्याच्या श्वासासाठी रेघा मारल्या त्याला राग आला नसता. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "ताई, बाबांचा श्वास तुटतो हे आता कळतच नाही." मी म्हणाले, "तुटतो. पण पेटीही तिथंच थांबते, म्हणून तो पदाचा भाग वाटतो."

आदल्या दिवशी ऑर्गन सभागृहात नेला. उंच भिंती, वर पत्रे, रिकामं सभागृह. मी एक टाळी वाजवली तर ती बराच वेळ वर फिरत राहिली. अशा जागी घरच्यासारखं वाजवून चालत नाही. सूर आपण सोडला तरी पत्र्याखाली रेंगाळतो आणि पुढच्याशी घोळ घालतो. म्हणून बोट आणखी आधी उचलायचं. पण उद्या दीडशे माणसं स्वेटर-शाली घालून बसणार, ती आवाज पिणार, म्हणजे पुन्हा थोडं कमी. हे कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं, ज्या त्या जागी कानानंच ठरवावं लागतं. तबलजी म्हणाला, "काकू, तुम्ही टाळ्या वाजवता, भिंतीशी बोलता. लोक काय म्हणतीन?" मी त्याला तबला सुरात मिळवायला सांगितलं. काकाजींची पट्टी काळी एक, म्हणजे त्यांचा सा पहिल्या काळ्या पट्टीवर.

रविवारी सभागृह भरलं. भाषणं झाली, ज्यांना दोन मिनिटं दिली होती ते पंधरा मिनिटं बोलले. काकाजींनी शाल घेतली, घडी करून मुलीकडे दिली आणि उभे राहिले. खुर्ची आणली होती, ती त्यांनी हातानं मागं सारली. मुलगी पहिल्या रांगेत होती. तिनं पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

मी सूर दिला. त्यांनी सुरुवात केली आणि पहिल्याच शब्दाला मागच्या रांगेतला एक म्हातारा "हाय!" म्हणाला. आवाज पूर्वीचा नव्हता. पण शब्द तोच होता, अख्खा, कडा असलेला. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. सातांपैकी सहा श्वास आमच्या ठरलेल्या जागी पडले. मी बोटं उचलत होते, पाय सैल सोडत होते, आणि मला स्वतःला मी ऐकू येत नव्हते. अशी पेटी मी आयुष्यात कधी वाजवली नव्हती, हे मला वाजवतानाच कळत होतं आणि मी ते कबूल करते, मला त्याचा फार अभिमान वाटत होता.

शेवटच्या ओळीच्या मध्यावर सातवा श्वास होता. मी बोटं उचलली. ते श्वास घ्यायला गेले आणि त्यांना खोकला आला. एक नाही, लागोपाठ. त्यांनी वळून तोंडावर रुमाल धरला. तबलजीनं माझ्याकडे पाहिलं आणि हात चामड्यावर नुसते टेकवले. माझा उजवा हात सुरांच्या वर होता आणि पुढचे चार सूर बोटांत तयार होते. किती सोपं होतं ते! चार सूर आणि पद पुरं. बोटांना तशी सवयच असते, रिकामी जागा दिसली की ती भरतात. मी हात मांडीवर ठेवला.

मधल्या रांगेत कोणीतरी टाळी सुरू केली. मी स्टुलावर तशीच मागं वळले आणि त्या माणसाकडे बघितलं. ऑफिसात या बघण्याला घाबरून शिपाई चहा परत न्यायचे. टाळी थांबली.

काकाजींनी रुमाल खिशात ठेवला. ते पूर्ण ताठ उभे राहिले, श्वास घेतला आणि त्यांनी उरलेली ओळ उचलली. अर्धा सूर खाली.

मध्ये इतका वेळ पेटी बंद, त्यात खोकला. आवाज काळी एकवरून उतरून पांढरी एकवर आला होता. त्यांना ते कळलेलं दिसत नव्हतं. आता मी माझ्या जागी सूर धरला असता तर तो बरोबर असता आणि सगळ्या सभागृहाला कळलं असतं की काकाजी बेसूर झाले. न वाजवता राहिले असते तर शेवटच्या शब्दाला ते उघडे पडले असते. हे मी आता सावकाश लिहिते आहे, तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. माझा हात खाली सरकला आणि पांढरी एकवरून वाजायला लागला, आधी एकच सूर, अगदी कमी पायात, मग ओळीसोबत. तबलजीला कळलं. त्याचा तबला काळी एकला मिळवलेला, घुमला असता तर पेटीशी भांडला असता. त्यानं तबल्याची चाट, म्हणजे कडेचा खणखणीत बोल, सोडून दिली आणि डग्ग्यावर दबक्या हातानं ठेका धरला. आम्ही तिघं तसेच खाली उतरलेले समेवर आलो.

पद काकाजींनीच संपवलं. शेवटचा शब्द त्यांचा होता, त्यानंतर पेटी नाही, तबला नाही. टाळ्या पडल्या तेव्हा मुलगी दोन्ही हातांत तोंड घेऊन रडत होती.

नंतर आम्ही शेजारच्या वर्गात बसलो. काकाजी मुलांच्या बुटक्या बाकावर, गुडघे वर आलेले. मुलीनं थर्मासातून गरम पाणी दिलं. तबलजी दाराशी उभा होता. काकाजींनी पाणी घेतलं नाही, आधी मला विचारलं, "मी उतरलो होतो ना?"

"काहीतरीच, बाबा! किती सुंदर झालं," मुलगी म्हणाली.

"तुले नाही इचारलं."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं, आज नको, ताई, आज एक दिवस खोटं बोला. मलाही तेच वाटत होतं. पण त्यांनी विचारलं मला होतं.

"उतरला होता, काकाजी. अर्धा सूर. खोकल्यानंतर."

"अन् पेटी?"

"पेटी मी खाली आणली."

बाहेर माइकवरून जेवणाची सूचना चालली होती. मुलीनं थर्मासचं झाकण लावलं आणि पुन्हा पुन्हा आवळत राहिली. मला वाटलं, घालवलं मी. पाच वर्षांनी माणूस उभा राहिला आणि माझ्या या जिभेनं त्याला बसवलं.

काकाजींनी आता पाणी घेतलं. सावकाश प्यायले.

"पाच वर्षं झाले," ते म्हणाले, "मी घरात नुसता गुणगुणलो तरी सारे वा वा करते. जावई वा वा करते, डॉक्टर वा वा करते. चूक कोणीच नाही काढत. आजारी माणसाची चूक कोण काढते?" त्यांनी पेला मुलीच्या हातात दिला. "आता सांग मले. तो अर्धा सूर गेला कायनं? कानानं का श्वासानं?"

"श्वासानं. कान शाबूत आहे."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी बाकाला धरून उठायला सुरुवात केली. मुलगी हात द्यायला पुढं झाली, तो त्यांनी घेतला नाही.

"मंग उद्या मी किती वाजता येऊ?"

माझे डोळे भरले. मी ते पुसले नाहीत, सगळ्यांसमोर भरू दिले. दहा वाजता या, असं मी म्हणाले.

"दहाले लय उशीर होते," काकाजी म्हणाले. "मी नवाले येतो."